निवेदनाखाली सही कुणाची?

नमस्कार श्रोतेहो. आज एका इंग्लिश फुटबॉल क्लबबद्दल बोलायचं आहे. क्लब इंग्लंडमधला, पण त्याच्या मालकांचं मुख्यालय आपल्या पुण्यात. क्लबचं नाव ब्लॅकबर्न रोव्हर्स आणि मालक व्यंकीज, म्हणजे व्यंकटेश्वरा हॅचरीज. कोंबडी-अंड्यांच्या धंद्यातलं हे नाव तुम्हाला मी सांगायला नको.

ब्लॅकबर्न हे उत्तर इंग्लंडमधल्या लँकेशायरचं जुनं गिरणगाव. क्लब 1875 सालचा. 1888 मध्ये इंग्लंडची फुटबॉल लीग सुरू झाली, तेव्हाच्या पहिल्या बारा क्लबांतला हा एक. याच गावात वाढलेल्या जॅक वॉकर नावाच्या पोलादाच्या व्यापाऱ्यानं क्लबवर पैसा लावला, आणि 1995 मध्ये ब्लॅकबर्ननं प्रीमियर लीग, म्हणजे इंग्लंडमधली सर्वांत वरची श्रेणी, जिंकली. वॉकर 2000 साली गेले. पुढे दहा वर्षांनी, नोव्हेंबर 2010 मध्ये, व्यंकीजनं सुमारे 2 कोटी 30 लाख पौंडांना क्लब विकत घेतला.

लोकांनी स्वागत केलं होतं, हे आधी सांगतो. विरोध पहिल्या दिवसापासून नव्हता. विश्वास होता आणि तो पुढे गेला. तो कसा गेला, तेच आज सांगायचंय.

महिनाभरात मॅनेजर, म्हणजे संघाचे मुख्य प्रशिक्षक, सॅम अलर्डाइस यांना काढलं. संघ पहिल्या चार-पाचांत दिसायला हवा, असं मालकांकडून सांगण्यात आलं. जानेवारीत ब्राझीलचा नामवंत खेळाडू रोनाल्डिनियोला आणण्याची भाषा झाली, तो गेला ब्राझीलला. अलर्डाइस यांच्या जागी आले स्टीव्ह कीन. संघ घसरत गेला, स्टेडियममध्ये ‘कीन हटाव’च्या घोषणा सुरू झाल्या, आणि त्याच काळात टीव्हीवर जाहिरात आली. तिच्यात ब्लॅकबर्नचे खेळाडू ड्रेसिंग रूममध्ये बसून व्यंकीजचं चिकन खाताहेत. जो संघ दर शनिवारी हरतोय, त्याच्या माणसांना मालकांकडून आलेला ठळक निरोप कोणता, तर हा. मग 7 मे 2012 ला विगनविरुद्धच्या सामन्यात कुणीतरी क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली जिवंत कोंबडी मैदानात सोडली. ती कोंबडी जगभर दाखवली गेली. ब्लॅकबर्न तो सामना 1-0 ने हरला आणि प्रीमियर लीगमधून बाहेर पडला. सलग अकरा वर्षांचा मुक्काम संपला.

पण मंडळी, कोंबडीची गोष्ट सगळे सांगतात. मला सांगायचीय ती गोष्ट कोर्टातली आहे. ती मी भेटेल त्याला सांगतो, आज तुम्हाला सांगतो.

2012 च्या उन्हाळ्यात मालकांनी एक जागतिक सल्लागार नेमला. शेबी सिंग. मलेशियाचे माजी खेळाडू आणि टीव्हीवरचे समालोचक. हे गृहस्थ चाहत्यांच्या जाहीर सभेत बोलून गेले की कीन सलग तीन सामने हरले तर त्यांना काढणार. मॅनेजर अजून पदावर आणि हे जाहीर सभेत! सप्टेंबरच्या शेवटी कीन यांनी राजीनामा दिला आणि आपल्याला तो द्यायला भाग पाडलं गेलं, असं सांगितलं.

31 ऑक्टोबरला नवे मॅनेजर आले हेनिंग बर्ग. हे नाव ब्लॅकबर्नमध्ये कुणाला ओळख करून द्यावं लागत नाही. नॉर्वेचा बचावपटू, 1995 च्या विजेत्या संघातला. मधे मँचेस्टर युनायटेडला गेला, परत आला, आणि 2002 मध्ये ब्लॅकबर्ननं लीग कप जिंकला तेव्हाही संघात होता. म्हणजे घरचा माणूस. लोकांना वाटलं, चला, आता तरी कुणी शहाण्यानं निर्णय घेतला. करार झाला 2015 च्या जूनपर्यंतचा. क्लबच्या वतीनं तो ठरवला मॅनेजिंग डायरेक्टरनं.

बर्गना किती दिवस मिळाले? सत्तावन्न. पुन्हा सांगतो, सत्तावन्न दिवस. दहा सामने, त्यातला एक जिंकला. 27 डिसेंबरला, नाताळ होऊन दोन दिवस झाले नाहीत तोच, बर्गना काढलं.

आता करारात एक कलम होतं. मुदतीआधी काढलं तर उरलेल्या काळाचा मूळ पगार द्यायचा. ही रक्कम होत होती साडेबावीस लाख पौंड. पैसे आले नाहीत, बर्ग कोर्टात गेले. आणि क्लबनं कोर्टात लेखी कबूल केलं की हो, एवढं देणं लागतो.

इथपर्यंत ठीक. धंद्यात असं होतं, माणूस काढला की भरपाई द्यावी लागते. पण पुढचं ऐका. थोड्याच दिवसांत क्लब पुन्हा कोर्टासमोर आला आणि म्हणाला, आमची ती कबुली आम्हाला मागे घ्यायची आहे. का? तर ज्या मॅनेजिंग डायरेक्टरनं हा करार ठरवला, त्याला असा करार द्यायचा अधिकारच नव्हता. मालकांची परवानगी नव्हती.

श्रोतेहो, हे नीट लक्षात घ्या. क्लबचा मॅनेजिंग डायरेक्टर. क्लबच्या कचेरीत बसणारा, क्लबच्या कागदावर सही करणारा, वर्तमानपत्रांत क्लबतर्फे बोलणारा सर्वांत वरचा अधिकारी. आणि क्लबचेच वकील उच्च न्यायालयात उभं राहून सांगताहेत की त्यानं जे ठरवलं ते आम्ही ठरवलेलं नाही. त्याचा शब्द हा आमचा शब्द नाही.

एप्रिल 2013 मध्ये मँचेस्टरमध्ये निकाल लागला. न्यायाधीशांनी क्लबला कबुली मागे घेऊ दिली नाही. साडेबावीस लाख पौंड द्या, असा आदेश झाला. सत्तावन्न दिवसांच्या नोकरीचे साडेबावीस लाख! आणि तोवर बर्गच्या जागी आलेले मायकेल ॲपलटन हेही सदुसष्ट दिवसांत गेले होते. एका हंगामात कीन, बर्ग, ॲपलटन, आणि मग गॅरी बोयर.

साडेबावीस लाखांचं मला फारसं वाटत नाही. मालकांचा पैसा, त्यांचं नुकसान. मी विचार करतो त्या माणसाचा, जो वडिलांचं बोट धरून क्लबच्या स्टेडियमवर, ईवुड पार्कवर आला आणि आज स्वतःच्या नातवाला घेऊन येतो. त्यानं हा निकाल पेपरात वाचला. दुसऱ्या दिवशी क्लबचं एखादं निवेदन आलं, ‘आमचा नव्या मॅनेजरवर पूर्ण विश्वास आहे’, तर त्यानं ते कसं वाचावं? लिहिलंय कुणी? त्याला अधिकार आहे का? उद्या कोर्टात हेही परत घेणार का? हे प्रश्न त्याच्या डोक्यात क्लबनं स्वतः, कोर्टात, घातले. अविश्वास अविश्वास म्हणतात तो इथून येतो. मालक खोटं बोलतात असं त्या माणसाचं म्हणणं नाही. त्याचं म्हणणं एवढंच की समोर येऊन बोलतो तो मालक नाही, आणि मालक आहेत ते बोलत नाहीत.

मालक पैसा देत नाहीत, असंही कुणी म्हणू नये. क्लब तोट्यात चालतो आणि तो तोटा वर्षानुवर्षं पुण्याहून भरला जातो. ही मोठी गोष्ट आहे. पण ती लोकांना सांगायला कुणी येत नाही. चांगली बातमीसुद्धा क्लबच्या वेबसाइटवर चार ओळींत येते आणि खाली कुणाचं नाव नसतं.

इथे जरा बाजूला जातो, कारण कोल्हापूरची आठवण आल्याशिवाय राहत नाही. तिथे पाटाकडील तालीम आहे, दिलबहार आहे, खंडोबा तालीम आहे, शिवाजी तरुण मंडळ आहे. शाहू स्टेडियमवर संघ हरला तर संघ चालवणारा माणूस संध्याकाळी त्याच पेठेतल्या त्याच चौकात उभा असतो. त्याला लपायला जागा नाही. चार शिव्या खाईल, चार कारणं देईल, पण लोकांसमोर असेल. महाराष्ट्रात फुटबॉल बघायचा तर कोल्हापूरला जा, असं मी कायम म्हणतो. आपल्या पुण्यात पुणे एफसी झाली, एफसी पुणे सिटी झाली, दोन्ही गेल्या. बालेवाडीला जाऊन गळा फाडून ओरडणाऱ्या पोरांच्या वाट्याला शेवटी काय आलं, तर पेपरातली बातमी. आणि आमच्या पेपरांचंही सांगतो, खेळाच्या पानावर क्लबची प्रेसनोट जशीच्या तशी छापायची सवय मोडायला हवी. एक फोन करून एक प्रश्न तरी विचारावा.

असो. ब्लॅकबर्नकडे परत येऊ. 2016 च्या ऑक्टोबरात तिथल्या चाहत्यांनी जो निषेध केला, तो मला फार आवडतो. क्लब 1875 चा, म्हणून अठराव्या मिनिटाला स्टेडियममध्ये शिरायचं आणि पंचाहत्तराव्या मिनिटाला उठून निघून जायचं. अठरा आणि पंचाहत्तर. तिकिटाचे पैसे भरून, दाराबाहेर थांबून, आत सामना चालू असल्याचे आवाज ऐकत ताटकळायचं. ज्याचं क्लबवर प्रेम नाही, त्याला हे सुचणारही नाही. पुढच्या मे महिन्यात संघ तिसऱ्या श्रेणीत गेला. शेवटच्या दिवशी जिंकूनसुद्धा गोलफरकावर गेला. वर्षभरात परत वर आला, हेही सांगायला हवं.

एकदा विश्वास गेला की खरी चूकही कुणी चूक मानत नाही. जानेवारी 2023 मध्ये लुइस ओब्रायन या खेळाडूची कागदपत्रं वेळेत पोहोचली नाहीत, नोंदणी फेटाळली गेली. पुढच्याच जानेवारी-फेब्रुवारीत डंकन मॅग्वायरच्या बाबतीत पुन्हा तेच, कागदांचा घोळ. दोन हिवाळ्यांत दोनदा. क्लब म्हणाला, कारकुनी चूक. गावात मात्र प्रश्न सुरू झाला की ही खरंच चूक, की पैसे नव्हते म्हणून? क्लबचं खरं असेलही. पण ते ऐकून घ्यायला कुणी उरलं नव्हतं.

पैशाचा संशय उगाच नव्हता. भारतात अंमलबजावणी संचालनालयाची चौकशी सुरू असल्यामुळे इंग्लंडला पैसे पाठवायला मालकांना दिल्ली उच्च न्यायालयाची परवानगी घ्यावी लागत होती, बँक गॅरंटी द्यावी लागत होती. चौकशी म्हणजे दोष नव्हे, हे स्पष्ट सांगतो. पण बघा काय झालं. लँकेशायरमधली माणसं दिल्ली उच्च न्यायालयाच्या तारखा पाठ करायला लागली. सुनावणी कधी, पुढे ढकलली का, कितीवर गेली, याची चर्चा तिथल्या पबमध्ये. आपल्या क्लबचं काय चाललंय हे त्यांना आधी मँचेस्टरच्या कोर्टात कळलं, मग दिल्लीच्या कोर्टात. क्लबच्या कचेरीतून नाही.

आणि याच भागात काय घडून गेलंय, माहीत आहे? ब्लॅकबर्नच्या गिरण्या एके काळी आपल्यासाठी धोतरं विणायच्या. विदेशी कापडावर बहिष्कार आला, त्याचा फटका तिथल्या कामगारांना बसला. सप्टेंबर 1931 मध्ये गोलमेज परिषदेसाठी गेलेले गांधीजी ब्लॅकबर्नला लागून असलेल्या डार्वेनला गेले. ज्यांच्या पोटावर आपल्या चळवळीचा घाव पडला, त्या गिरणी कामगारांना भेटले, त्यांचं ऐकून घेतलं, आपली बाजू सांगितली. बहिष्कार मागे घेतला नाही. तरी कामगारांनी त्यांच्याभोवती गर्दी केली, त्यांच्यासोबत फोटो काढला, आणि तो फोटो आजही छापला जातो. निर्णय कडवट होता, पण ज्याचा होता तो स्वतः समोर आला होता. त्याच लोकांची पतवंडं आज ईवुड पार्कवर बसतात.

इंग्लंडमध्ये 2025 साली नवा कायदा झालाय. फुटबॉलसाठी स्वतंत्र नियामक आणि महत्त्वाच्या बाबींत चाहत्यांशी सल्लामसलत करण्याचं क्लबांवर बंधन. मला हा कायदा मनापासून हवा होता, पण त्यावर मी इतक्यात भाळणार नाही. अशी बैठक ब्लॅकबर्नमध्ये झाली, तर चाहत्यांनी पहिला प्रश्न मॅनेजरचा किंवा खेळाडूंचा विचारू नये. समोर बसलेल्या अधिकाऱ्याला विचारावं की आज तुम्ही जे सांगाल त्याला मालकांची लेखी मंजुरी आहे का? असेल तर तो कागद टेबलावर ठेवा, मग पुढे बोलू. नमस्कार.