पोपटी भुकटी

सूक्ष्मदर्शकाखाली हा दांडा दिसतोय. टोकाला गोळा, गोळ्यावर माळा लावल्यासारखे बीजाणू. ॲस्परजिलस फ्लेव्हस. उघड्या डोळ्यांना हीच बुरशी म्हणजे शेंगदाण्यावरची पोपटी भुकटी. फुंकर मारली की उडते.

1960 साली इंग्लंडमध्ये लाखावर टर्की पक्षी मेले. रोग ओळखेना, म्हणून नावच ठेवलं 'टर्की एक्स'. माग निघाला तो ब्राझीलहून आलेल्या भुईमुगाच्या पेंडीपर्यंत. पेंडीतल्या विषाचा अर्क अतिनील दिव्याखाली धरला की असे ठिपके चमकतात. निळे (ब्लू) ते विषाचा बी प्रकार, हिरवे (ग्रीन) ते जी प्रकार. बुरशीच्या नावावरूनच विषाचं नाव पडलं, अफ्लाटॉक्सिन.

या विषाने यकृताचा कर्करोग होऊ शकतो, 2004 मध्ये केनियात विषारी मक्याने 125 माणसं गेली, आणि भाजून-शिजवून हे विष पुरतं जात नाही.

आता हे शेत बघा. बुरशी मातीत आणि शेंगही मातीत. दाणे भरताना पाण्याचा ताण पडला, माती तापली, किडीने टरफल पोखरलं, की बुरशी आत शिरते. काढणीला कुदळ लागून फुटलेल्या शेंगा म्हणूनच तिथल्या तिथे वेगळ्या काढायच्या.

उपटलेली झाडं अशी उलटी मांडलीत, शेंगा वर. वारा खेळायला हवा. दाण्यातला ओलावा 7 टक्क्यांवर आला की पोती भरायची. मापक नसेल तर शेंग कानाशी हलवा, दाणा खुळखुळला पाहिजे. पण हा अंदाजच, मापकाची सर त्याला नाही. घोळ होतो तो पुढे. फोडताना दाणे तुटू नयेत म्हणून वाळलेल्या शेंगांवर पाणी शिंपडतात आणि सगळं वाळवणं पाण्यात जातं! पोतं गार भिंतीला टेकलं तरी तेच, त्या बाजूला दमट होऊन आतून बुरशी धरते. म्हणून खाली फळ्या आणि भिंतीपासून हातभर अंतर.

तपासणीला मूठभर दाणे पुरत नाहीत. हजारात एखादाच दाणा विषारी असतो, पण तो सगळी खेप नापास करू शकतो. म्हणून पोत्यापोत्यातून थोडं थोडं घेऊन, सगळं एकत्र दळून मग नमुना काढतात.

निवडीच्या टेबलावर सुरकुतलेले, काळपट दाणे बाजूला पडताहेत. यांचा ढीग पेंडीत गेला, तर दुभत्या गाईच्या दुधात एक-दोन दिवसांत विष उतरतं. तिथे त्याचं नाव एम-1.