आत शिरायचे पैसे, अंतराचे पैसे

श्रोतेहो, नमस्कार.

मुलगी लंडनला, मुलगा न्यूयॉर्कला. 2025 मध्ये एकाच दौऱ्यात दोघांकडे राहून आलो. परतल्यावर जो तो विचारतो, "काय हो, फिरायला स्वस्त कुठं?" पौंडाचे रुपये, डॉलरचे रुपये असा गुणाकार मीही दोन दिवस केला. मग नाद सोडला. दोन्ही शहरं मुळात वेगवेगळ्या गोष्टीचे पैसे घेतात.

न्यूयॉर्कचा सबवे, म्हणजे तिथली भुयारी रेल्वे, आत शिरायचे पैसे घेतो. 2025 मध्ये 2 डॉलर 90 सेंट पडायचे; ते दिले, आडवा दांडा ढकलला, झालं. एक स्टेशन जा, नाहीतर मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला 'ए' गाडी पकडून पन्नासेक किलोमीटरवर फार रॉकअवेच्या समुद्रापर्यंत जा, भाडं तेच. लांब राहणाऱ्या कष्टकऱ्याला हे चांगलंच. दोन स्टेशनांसाठी मात्र माझ्या जिवावर यायचं, मी पायीच जायचो.

लंडनची भुयारी रेल्वे, म्हणजे ट्यूब, अंतर बघते आणि घड्याळही. सकाळी साडेसहा ते साडेनऊ आणि संध्याकाळी चार ते सात, भाडं चढं. त्यामुळे लेक मला साडेनऊच्या आत घराबाहेर पडू द्यायची नाही. शिवाय कार्ड आत जाताना टेकवायचं, तसंच बाहेर पडतानाही. एका स्टेशनवर फाटक सताड उघडं होतं, मी बोलण्याच्या नादात तसाच बाहेर. यंत्राला मी कुठं उतरलो ते कळेना, त्याने लावलं सगळ्यात जास्तीचं भाडं. लेकीने दुसऱ्या दिवशी फोनवर हिशेब दाखवला, चहा कडू झाला.

खरी स्वस्ताई तिथल्या लाल बसमध्ये. 2025 मध्ये 1 पौंड 75 पेन्स पडायचे, आणि तासाभरात कितीही बस बदला, वर काही नाही. रोख पैसे 2014 पासून घेतच नाहीत. वरच्या मजल्यावर पुढची जागा मिळाली की मला ट्यूबची आठवणही येत नसे.

लंडनला दिवसाच्या भाड्याची कमाल मर्यादाही आहे. भाड्यासाठी शहराचे झोन, म्हणजे पट्टे, पाडलेत; 2025 मध्ये मधल्या दोन झोनमध्ये 8 पौंड 90 पेन्स झाले की त्या दिवशी पुढे फुकट असायचं. न्यूयॉर्कला मर्यादा आठवड्याची, तेव्हा 34 डॉलर होती. तीन दिवसांच्या पाहुण्याला तिचा काय उपयोग?

निघताना सबवेचे 2 डॉलर 90 सेंट दिले, आणि जेएफके विमानतळाच्या एअरट्रेनला पुन्हा साडेआठ डॉलर. मुलगा हसून म्हणाला, "बाबा, इथं दोनदा आत शिरावं लागतं."