घायपात: बांधावरचं आणि मळ्यातलं

मंडळी, ज्यांचं बालपण खेड्यात गेलं त्यांना घायपात ओळखून दाखवायला नको. गुरं आत शिरू नयेत म्हणून ते बांधावर लावायचे. पानाच्या टोकाचा काटा एकदा टोचला की माणूस पुन्हा त्या वाटेला जात नसे. पानं ठेचून ओढ्याच्या पाण्यात कुजत घालायची, मग आपटून, धुऊन वाख काढायचा. त्या वाखाचे कासरे आणि दावी वळायचं काम बलुत्यावर मातंग समाजाकडे होतं. हाताला खाज सुटायची, पाण्याला घाण मारायची. पोळ्याला बैलाच्या नव्या कासऱ्याचं कौतुक व्हायचं, वळणाऱ्याच्या हातांचं कुणी केल्याचं मी ऐकलं नाही.

घायपाताची ही जात अमेरिका खंडातली. तिच्यातलं सिसल म्हणतात ते मेक्सिकोचं. पण आज मी तुम्हाला नेणार आहे टांझानियातल्या टांगा भागात.

१८९३ साली तिथं जर्मनांचं राज्य होतं. रिचर्ड हिंडोर्फ नावाच्या शेतीतज्ज्ञानं फ्लोरिडाहून हजार रोपं मागवली. हँबर्गमार्गे आफ्रिकेला पोचेपर्यंत त्यांतली ६२ जगली. तेवढी पुरली. सिसल आयुष्यात एकदाच फुलतं. पाच-सहा मीटरचा दांडा वर येतो, बी जवळजवळ धरत नाही, पण दांड्यावरच शेकड्यांनी पिलं लागतात आणि मूळ झाड मरून जातं. ती पिलं खुडायची आणि लावायची.

आता पानाकडे बघा. मीटरभर लांब, मांसल. त्याच्या वजनात धागा जेमतेम चार टक्के, बाकी पाणी आणि गर. कापलेलं पान एक-दोन दिवसांत यंत्रावर चढलं नाही तर गर सुकून धाग्याला चिकटतो. म्हणजे आपल्या उसासारखंच: तोडला की गाळपाला. फरक इतकाच की आपल्याकडे ऊस शेतकऱ्याचा असतो. टांग्यात जमीन, पान, यंत्र, मळ्यातली छोटी रेल्वे, सगळं एकाच मालकाचं. आधी जर्मन, मग ब्रिटिश, ग्रीक, आणि आपल्या कच्छच्या मांडवीहून गेलेलं करीमजी जीवनजी घराणंही.

मजूर यायचे लांबून, रवांडा-बुरुंडीहून, मोझांबिकहून. पानं कापून जुड्या बांधायच्या, रुळापर्यंत वाहायच्या. कार्डावर तीस दिवसांचं काम भरलं की पगार. माझ्या मते सिसलची खरी गोष्ट या कार्डात आहे. झाड कोरडवाहू, खडकाळ जमीन, सगळं सोसतं. त्याचं पान मात्र थांबत नाही. म्हणून माणसं पानाजवळ आणून ठेवावी लागली.

१९६४ साली उत्पादन २,३०,००० टनांच्या आसपास गेलं. जगात पहिला नंबर. हा सगळा धागा जायचा कुठे? मोठा भाग युरोप-अमेरिकेत, कापणीयंत्रानं गवताच्या, धान्याच्या पेंढ्या बांधायच्या सुतळीला. एक गिऱ्हाईक, एकच गाठ! पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे प्लास्टिकची, सुतळी आली आणि भाव कोसळले. १९६७ नंतर सरकारनं बरेच मळे ताब्यात घेतले, त्यानंही घडी सावरली नाही. नव्वदीच्या दशकाअखेर उत्पादन २०,००० टनांवर आलं होतं. काही जण याचं खापर एकट्या राष्ट्रीयीकरणावर फोडतात. मला ते पटत नाही, भाव त्याआधीच पडले होते.

आज सर्वांत जास्त सिसल ब्राझीलमध्ये होतं, बाहिया राज्याच्या दुष्काळी पट्ट्यात. तिथं छोटे शेतकरी आहेत, म्हणून गिरणीच शेतात येते. ‘पाराइबाना’ नावाचं लहान यंत्र या शेतातून त्या शेतात ओढून नेतात. कामगार पानाचं एक टोक हातात धरून दुसरं फिरत्या पात्यांवर सोडतो, मग पान उलटं करून उरलेला अर्धा भाग. पान ओढलं जातं, कधी त्याबरोबर हातही जातो. बोटं, पंजे गमावलेली माणसं त्या भागात कितीतरी आहेत. मालकाचा जाच कमी झाला, पण पानाची घाई तशीच राहिली.

टांग्याकडे हाले इथं आता त्या शहाण्णव टक्के चोथ्यापासून गॅस आणि वीज काढायचा प्रयोग झाला आहे. पूर्वी तो चोथा नदीत सोडून देत असत. शिवाय सिसलचा धागा छताच्या प्लास्टरमध्ये, डार्टबोर्डमध्ये, पॉलिश करायच्या चाकांत जातो. गिऱ्हाइकं लहान आहेत, पण आता एकाहून जास्त आहेत.