शाळेचे वीजबिल कोणत्या मंत्र्याला विचारायचे?

मित्रहो, ‘लोकप्रतिनिधींचे प्रश्न : ऊर्जा आणि शिक्षण’ असा विषय मला देण्यात आला आहे. या दोन खात्यांच्या धोरणांचा आढावा एका व्याख्यानात घेणे शक्य नाही आणि तसा प्रयत्नही मी करणार नाही. ही दोन खाती जिथे एकमेकांना भेटतात ती जागा, म्हणजे सरकारी शाळेचे वीजमीटर, एवढीच आज डोळ्यांसमोर ठेवू आणि त्या मीटरविषयी सभागृहात विचारलेला प्रश्न कशाने फुकट जातो, कशाने उपयोगी पडतो, ते पाहू.

आपल्या विधानसभेतील प्रश्नोत्तरांच्या याद्या ज्यांनी चाळल्या असतील त्यांना प्रश्नांचा ठरलेला साचा पाठ झाला असेल. अमुक तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांचा वीजपुरवठा थकबाकीमुळे खंडित करण्यात आला आहे, हे खरे आहे काय. असल्यास, या प्रकरणी शासनाने चौकशी केली आहे काय. चौकशीच्या अनुषंगाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे. नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत? त्यावर पुष्कळदा येणारे उत्तर असे : ‘(१) हे खरे नाही. (२), (३) व (४) प्रश्न उद्भवत नाही.’ उत्तर देणारा अधिकारी खोटे बोलत असतो असे समजण्याचे कारण नाही. त्या तालुक्यातल्या दोनच शाळांची जोडणी तोडली गेली असेल, तर ‘अनेक’ हा शब्द चुकीचा ठरतो. प्रश्न सादर झाल्यावर घाईघाईने थकबाकी भरून पुरवठा सुरू केला असेल, तर उत्तराच्या दिवशी विधान खरे उरत नाही. पुढचे तिन्ही भाग ‘असल्यास’च्या खुंटीला टांगलेले असल्यामुळे पहिला भाग निसटला की सगळेच खाली येते. थोडी अधिक माया असेल तर ‘हे अंशतः खरे आहे’ असे उत्तर मिळते, आणि कोणता अंश खरा हे त्यातून कळतेच असे नाही.

म्हणून मी नव्या सदस्यांना आणि त्यांच्या कार्यालयांत काम करणाऱ्या तरुणांना नेहमी सांगतो की, प्रश्नाचा प्रत्येक भाग स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे. अमुक तारखेस जिल्हा परिषदेच्या किती शाळांना वीजजोडणी होती, त्यांपैकी किती ठिकाणी प्रत्यक्ष पुरवठा सुरू होता, किती ठिकाणी तो थकबाकीमुळे बंद होता आणि थकबाकीची रक्कम किती, हे जिल्हानिहाय विचारले, तर ‘प्रश्न उद्भवत नाही’ असे लिहिण्याची सोय राहत नाही. ‘हे खरे आहे काय’ म्हणताना आपण एक आरोप करतो आणि तो सिद्ध करण्याची जबाबदारीही स्वतःवर घेतो. ‘किती’ विचारताना ती जबाबदारी शासनावर राहते.

जोडणी आणि पुरवठा यांत मी फरक केला तो मुद्दाम. 28 एप्रिल 2018 रोजी मणिपूरमधील लैसांग या गावात वीज पोहोचली आणि देशातील सर्व गावांचे विद्युतीकरण पूर्ण झाल्याचे केंद्र सरकारने जाहीर केले. त्या घोषणेमागे 2004 मध्ये ठरलेली एक व्याख्या होती. वस्तीत रोहित्र व वाहिन्या असाव्यात, शाळा, पंचायत कार्यालय, आरोग्य केंद्र अशा सार्वजनिक ठिकाणी वीज असावी, आणि किमान 10 टक्के घरांना जोडणी असावी, म्हणजे ते गाव विद्युतीकृत मानले जाते. 10 टक्क्यांच्या अटीवर तेव्हा बरीच टीका झाली आणि ती योग्यच होती. शाळेच्या अटीकडे मात्र फारसे कोणी पाहिले नाही. शाळेत वीज हा गावाच्या विद्युतीकरणाच्या व्याख्येचाच भाग असेल, तर थकबाकीपोटी शाळेची वीज तोडल्यावर त्या गावाचे काय समजायचे, हा प्रश्न लोकसभेत ऊर्जामंत्र्यांना अगदी नियमात बसवून विचारता येतो.

आता शिक्षण खात्याच्या बाजूने पाहा. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम 2009 चा. त्याच्या अनुसूचीत शाळेच्या इमारतीचे निकष दिले आहेत : प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, अडथळाविरहित प्रवेश, मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, पिण्याचे पाणी, स्वयंपाकघर, क्रीडांगण, कुंपण. या यादीत वीज नाही. त्यामुळे शाळेत दिवा नसतानाही ‘सर्व निकषांची पूर्तता झाली आहे’ असे उत्तर पूर्ण प्रामाणिकपणे देता येते. दुसरीकडे त्याच शाळेत संगणक, दूरचित्रवाणी संच, डिजिटल फळा पोहोचवण्याच्या योजना जोरात आहेत. देशभरातील शाळांची माहिती गोळा करणाऱ्या ‘यूडायस प्लस’ या केंद्रीय प्रणालीच्या 2023-24 च्या अहवालानुसार देशातील 57.2 टक्के शाळांत चालू स्थितीतील संगणक आणि 53.9 टक्के शाळांत इंटरनेट होते. उपकरणे किती वाटली याचे प्रश्न सभागृहात वारंवार येतात, कारण वाटपाचे उत्तर द्यायला मंत्र्यांनाही आवडते. त्या उपकरणांचे बिल कोणी भरायचे, हा प्रश्न त्या मानाने क्वचित येतो.

बिल भरण्यासाठी पैसा कुठून येतो? समग्र शिक्षा या केंद्र व राज्यांच्या शालेय शिक्षण योजनेत शाळांना वार्षिक संयुक्त अनुदान मिळते आणि ते पटसंख्येवर ठरते. पट 30 पर्यंत असेल तर वर्षाला 10,000 रुपये, 31 ते 100 असेल तर 25,000 रुपये, असा तो चढता क्रम आहे. यातूनच वीजबिल, इंटरनेट, पाणी, शैक्षणिक साहित्य, स्वच्छता आणि किरकोळ खर्च भागवायचे. वाडीवस्तीवरची 20 पटाची शाळा घेतली, तर महिन्याला साधारण 830 रुपये हाती पडतात, आणि तेही अनुदान वेळेवर आले तर. कुठे ग्रामपंचायत बिल भरते, कुठे शिक्षकच आपसांत वर्गणी काढतात. तेव्हा शिक्षणमंत्र्यांना ‘अनुदान दिले काय’ असे विचारून भागत नाही. कोणत्या महिन्यात दिले आणि त्यातून वीजबिलावर किती खर्च झाला, हे विचारावे लागते.

हे शिक्षणमंत्र्यांनाच विचारावे काय, हीही एक अडचणच आहे. जिल्हा परिषदा ग्रामविकास विभागाकडे, नगरपालिका नगरविकासकडे, आश्रमशाळा आदिवासी विकासकडे किंवा बहुजन कल्याणकडे. प्रश्न एका विभागाकडून दुसऱ्याकडे हस्तांतरित होत राहतो आणि अधिवेशन संपते. संसदेत तर याहून वरच्या पातळीवरचा आडोसा आहे. 1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीनंतर शिक्षण समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्ये या दोघांनाही कायदे करता येतात अशा विषयांत, आले. वीज तिथे आधीपासूनच होती. त्यामुळे दोन्ही खात्यांच्या केंद्रीय उत्तरांची सुरुवात ‘हा विषय समवर्ती सूचीत असून अंमलबजावणी प्रामुख्याने राज्यांकडे आहे’ अशा अर्थाच्या वाक्याने होते, आणि राज्यात विचारावे तर निधी केंद्राकडून यायचा आहे असे ऐकायला मिळते. यावर उपाय एकच. त्या सरकारच्या स्वतःच्या हातातली कृती पकडून प्रश्न लिहायचा : किती निधी सोडला, कोणते पत्र पाठवले, कोणता निर्देश दिला.

ऊर्जामंत्र्यांच्या बाबतीत हे विशेष लागू पडते. ‘शाळांचे वीजदर कमी करण्याचा शासनाचा विचार आहे काय’ असे विचारले की, दर ठरवण्याचा अधिकार महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचा आहे, हे उत्तर तयारच असते, आणि ते बरोबर आहे. महावितरणच्या दरपत्रकात सरकारी शिक्षणसंस्था ‘सार्वजनिक सेवा’ या वर्गात येतात आणि तो दर आयोग ठरवतो. पण 2003 च्या विद्युत अधिनियमातच कलम 65 आहे. एखाद्या ग्राहकवर्गाला सवलत द्यायची असेल, तर राज्य शासनाने तेवढी रक्कम आगाऊ भरून ती द्यावी, असे ते कलम सांगते. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना मोफत वीज देण्याची योजना 2024 मध्ये राज्याने आणली ती शासनाने भार उचलूनच. म्हणजे मार्ग आहे. तो शाळांसाठी वापरायचा की नाही हा धोरणाचा निर्णय आहे, आणि धोरणाबद्दल मंत्र्यांना विचारता येते. कलम 65 अन्वये शाळांसाठी तरतूद करण्याचा प्रस्ताव कोणत्या टप्प्यावर आहे, असा एक भाग असावा. दुसरा भाग माझ्या मते त्याहून महत्त्वाचा. दरनिश्चितीपूर्वी आयोग जाहीर सुनावणी घेतो आणि हरकती व सूचना मागवतो. त्या सुनावणीत शालेय शिक्षण विभागाने आपले म्हणणे मांडले होते काय, मांडले असल्यास त्याची प्रत पटलावर ठेवणार काय? उद्योगांच्या संघटना तिथे हिरिरीने म्हणणे मांडतात, ग्राहक संघटना मांडतात. शाळांच्या बाजूने कोण उभे राहिले, ते एकदा नोंदीवर यायला हवे.

नियमांबद्दल थोडेच बोलतो. लोकसभेत प्रश्नाची सूचना 15 दिवस आधी द्यावी लागते. प्रश्न साधारणतः 150 शब्दांपेक्षा मोठा नसावा. त्यात युक्तिवाद, उपरोध किंवा काल्पनिक प्रसंग नसावा. एका दिवसासाठी 20 तारांकित, म्हणजे तोंडी उत्तराचे, आणि 230 अतारांकित, म्हणजे केवळ लेखी उत्तराचे, प्रश्न घेतले जातात, आणि क्रम सोडतीने लागतो. नव्या सदस्यांना ही बंधने जाचक वाटतात. मला ती उपकारक वाटतात, कारण भाषण करण्याची हौस तिथे आपोआप गाळली जाते. तारांकित प्रश्नाचे खरे मोल उपप्रश्नात, म्हणजे मिळालेल्या उत्तरावर सभागृहात तिथेच विचारलेल्या पुढच्या प्रश्नात, आहे. ब्रिटिश अमदानीत 1892 च्या कायद्याने कायदेमंडळात प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळाला, पण उपप्रश्नासाठी 1909 उजाडावे लागले, आणि तोही मूळ प्रश्नकर्त्यापुरताच. लेखी उत्तर कक्ष अधिकारी तयार करतो. उपप्रश्नाला मंत्र्यांना उभे राहून बोलावे लागते. सप्टेंबर 2020 च्या अधिवेशनात साथीमुळे संसदेतील प्रश्नोत्तराचा तास रद्द झाला आणि लेखी उत्तरे चालू राहिली, तेव्हा माहिती मिळतच आहे असा युक्तिवाद करण्यात आला. तो मला पटला नाही, तो यामुळेच.

उभे राहून बोललेल्या वाक्याची पुढे किंमत होते. ‘तपासून पाहू’, ‘विचाराधीन आहे’, ‘माहिती गोळा करून पटलावर ठेवू’ अशी वाक्ये आश्वासन म्हणून नोंदवली जातात. लोकसभेची शासकीय आश्वासन समिती 1953 पासून आहे आणि आश्वासन पुरे करायला तीन महिन्यांची मुदत असते. आपल्या विधिमंडळातही आश्वासन समिती आहे. ब्रिटिश काळातील कायदेमंडळाचे सदस्य नामदार गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या वेळी अशी समिती नव्हती. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव त्यांनी 1910 मध्ये सरकारच्या आश्वासनावर मागे घेतला, पुढल्या वर्षी स्वतःच विधेयक आणले, आणि 1912 मध्ये ते 13 विरुद्ध 38 मतांनी फेटाळले गेले. आजच्या सदस्याच्या हाती मात्र समिती आहे. शाळांची जिल्हानिहाय माहिती गोळा करण्यात येत आहे, असे उत्तर आले तर निराश न होता त्याची तारीख नोंदवावी, तीन महिन्यांनी समितीच्या सचिवालयाला पत्र द्यावे, आणि पुढच्या अधिवेशनात हाच प्रश्न, यावेळी थकबाकीच्या आकड्यासह, पुन्हा सादर करावा.