मेणाच्या झाकणाआड

या कामकरी मधमाशीचे पंख बघा. चुरगळलेले, आखूड. पोटही खुंटलेलं. ही कधीच उडणार नाही. तिच्या पाठीवरचा तांबूस ठिपका म्हणजे व्हरोआ कोळी, मधमाश्यांवर जगणारा परजीवी माइट. रुंदी जेमतेम दीड मिलिमीटर.

याचा खरा कारभार चालतो झाकणाआड. अळीचं घर मेणाने बंद व्हायच्या ऐन आधी मादी कोळी आत शिरते, तळाच्या खाद्यात दडून बसते. झाकण लागल्यावर साठ-सत्तर तासांनी पहिलं अंडं, ते नराचं. मग दर तीसेक तासांनी एकेक मादीचं. आता झाकण काढलेलं हे घर जवळून पाहा. आईने कोषाच्या अंगाला एक भोक पाडलंय, आणि सगळी पिल्लं त्याच जखमेवर पोसली जाताहेत. भावाबहिणींचं मीलनही इथेच. झाकण लागल्यापासून बाराव्या दिवसाच्या सुमारास माशी बाहेर पडते, तिच्यासोबत आई आणि वाढ पूर्ण झालेल्या लेकी. नर माशीचं घर याहून जास्त दिवस बंद राहतं, म्हणून कोळ्याला तेच अधिक पसंत.

सातेरी, म्हणजे आशियाई मधमाशी, या कोळ्याची मूळ यजमान. तिच्याकडे तो बहुतेक नरांच्याच घरांत वाढतो आणि वसाहत तग धरते. मेलिफेरा, म्हणजे युरोपीय मधमाशीकडे कामकरी अळ्याही त्याच्या तावडीत सापडतात.

प्रौढ माशीवर त्याचं मुख्य खाद्य रक्त नव्हे, तर मेद-ऊती, हे २०१९च्या संशोधनात दिसलं. माशीची प्रतिकारशक्ती याच ऊतींवर उभी असते. आणि त्याच तोंडाने विषाणू थेट शरीरात उतरतात.

पंख विकृत करणारा विषाणू कोळ्याच्या आधीपासून होताच, पण दबून. हवाईच्या ओआहू बेटावर २००७मध्ये कोळी सापडला. कोळी नसताना तिथल्या दहांतल्या एखाद्या वसाहतीत आढळणारा हा विषाणू, कोळी पोचलेल्या भागांत जवळजवळ प्रत्येक वसाहतीत दिसू लागला. त्याचे अनेक वाण मागे पडून एकच माजला.

अशा वसाहती अनेकदा हिवाळ्यातच संपतात.

या बरणीत तीनशेच्या आसपास माश्या आहेत, वर पिठीसाखर. बरणी हलवली की कोळी सुटून जाळीतून खाली पडतात, माश्या जिवंत परत पेटीत. शंभर माश्यांमागे तीन कोळी दिसले तर उपचार लांबवू नयेत. फॉर्मिक आम्ल, ऑक्झॅलिक आम्ल, थायमॉल कोळ्याला मारतात. विषाणूवर औषध नाही. पंख वाकडे दिसेपर्यंत थांबलात, तर लागण झालेली पिढी झाकणाआड आधीच तयार झालेली असते.