खिळ्याला टांगलेली पिशवी

नमस्कार, श्रोतेहो.

माझा जन्म वाडियातला. गिरणगावात वाढलेल्या माणसाला एवढं सांगितलं की पुरतं. लालबाग, काळाचौकी, शिवडी, डिलाइल रोड, कुठल्याही चाळीत जाऊन विचारा, बहुतेक घरांतून हेच उत्तर येईल. परळला १९२६ साली नौरोसजी वाडिया प्रसूतिगृह उभं राहिलं आणि तीन वर्षांनी, १९२९ मध्ये, शेजारीच बाई जेरबाई वाडिया यांच्या नावाचं लहान मुलांचं रुग्णालय. नौरोसजी आणि जेरबाई हे नवरा-बायको. दोन्ही रुग्णालयं बांधली ती त्यांच्या मुलांनी, कुसरो आणि नेस यांनी. घराणं गिरणीमालकांचं. त्याआधी खुद्द जेरबाईंनी गरीब पारशी कुटुंबांसाठी कमी भाड्याच्या बागा, म्हणजे राहत्या घरांच्या वसाहती, बांधायला घेतल्या होत्या, लालबागची नौरोज बाग त्यातलीच. माझे वडील गिरणीत साच्यावर होते. आई सांगायची, तुझ्या वेळी वाडियात खाट मिळाली नसती तर आपण दोघी राहिलो नसतो. म्हणून घराण्यांनी केलेल्या दानधर्माविषयी बोलताना मला परकेपणाने बोलता येत नाही. मी त्यातूनच आलेली आहे.

पण आज बोलायचं आहे ते इमारतींबद्दल नाही. इमारतीवर पाटी असते, जाता-येता दिसते. मला सांगायचंय ते अशा दानाबद्दल, ज्याची पाटी कुठेच लागत नाही. एखाद्या कुटुंबाच्या न्यासाने वस्तीत काम करणाऱ्या माणसाला शिकवलं, त्याचा पगार दिला, तर त्यातून काय होतं, ते.

एक हिरा होता. ज्युबिली नावाचा, २४५ कॅरटचा, आकाराने कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव सर दोराबजी यांनी तो पत्नी मेहेरबाईंसाठी घेतला होता. १९२४ मध्ये जमशेदपूरच्या पोलाद कारखान्यात पगार द्यायला पैसे नव्हते, तेव्हा दोराबजींनी आपली सगळी खासगी मालमत्ता बँकेकडे गहाण टाकली आणि त्यात मेहेरबाईंचे दागिनेही होते. तो काळ निभावला. पुढे १९३१ मध्ये मेहेरबाई रक्ताच्या कर्करोगाने गेल्या. मूलबाळ नव्हतं. दोराबजींनी मार्च १९३२ मध्ये न्यास केला आणि असेल नसेल ते सगळं त्यात घातलं. शेअर, जमिनी, पत्नीचे दागिने, अगदी स्वतःची टायला लावायची मोत्याची पिनसुद्धा. अंदाजे एक कोटी रुपये, त्या काळचे. जात, धर्म, प्रांत न पाहता ते खर्च व्हावेत असं लिहून ठेवलं, आणि तीन महिन्यांत, जूनमध्ये, तेही गेले. पुढे तो हिरा विकला गेला, पैसा न्यासात आला. परळचं टाटा कॅन्सर रुग्णालय, जे १९४१ मध्ये सुरू झालं, ते याच न्यासाने उभारलं. हे पुष्कळांना ठाऊक आहे. पण त्याच्या पाच वर्षं आधी न्यासाने आणखी एक काम केलं होतं, ते फारसं कुणी सांगत नाही.

त्यासाठी आपल्याला नागपाड्याला जायला हवं. भायखळ्याच्या अलीकडे, कामाठीपुऱ्याला लागून. तिथे १९२६ मध्ये अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शार्ट नावाच्या माणसाने नागपाडा नेबरहूड हाउस सुरू केलं. दाटीवाटीचा मोहल्ला, मुसलमान, ज्यू, ख्रिस्ती, हिंदू सगळे एकमेकांना खेटून. मिशनचा माणूस, पण त्याने प्रवचन मांडलं नाही. दवाखाना, वाचायची खोली, पोरांना खेळायला जागा, असलं काम त्याने मांडलं. नागपाड्याच्या मुलांनी बास्केटबॉलमध्ये पुढे जे नाव काढलं ते तुम्हाला माहीत असेलच. या कामात मॅन्शार्टच्या लक्षात आलं की वस्तीत चांगल्या मनाची माणसं खूप येतात, पण काम कसं करायचं ते कुणालाच शिकवलेलं नसतं. डॉक्टर शिकून येतो, मास्तर शिकून येतो, मग गरिबांमध्ये काम करणाऱ्याने नुसत्या कळवळ्यावर का यावं? त्याने हा विचार दोराबजींच्या न्यासापुढे मांडला आणि विश्वस्तांना तो पटला. १९३६ मध्ये नागपाड्यातच समाजकार्याची शाळा सुरू झाली, सर दोराबजी टाटा यांच्या नावाने. देशातली या विषयाची पहिली. पहिल्या तुकडीत वीसेक मुलं-मुली. १९४४ मध्ये तिचं नाव टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस झालं, म्हणजे आपली टिस, आणि १९५४ मध्ये ती देवनारला गेली.

विश्वस्तांना हे पटलं याचं मला फार नवल वाटतं. १९३६ साल. मुंबईत क्षय, बाळंतरोग, उपासमार समोर दिसत होती. त्याच पैशात किती खाटा झाल्या असत्या, किती अन्नछत्रं चालली असती! तरी त्यांनी माणसं शिकवायला पैसा दिला. अर्थात त्या घराण्यात याला पूर्वपीठिका होती. दोराबजींचे धाकटे भाऊ सर रतन टाटा (हे १९१८ मध्ये वारले, आपण २०२४ मध्ये ज्यांना निरोप दिला ते रतन टाटा वेगळे) गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला दरसाल दहा हजार रुपये देत. १९१२ च्या सुमारास त्यांनी लंडन विद्यापीठाला वर्षाला १,४०० पौंड देऊ केले, ते गरिबी का येते आणि कशाने हटते याचा अभ्यास करण्यासाठी. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये त्या पैशावर विभाग उभा राहिला. त्याचे पहिले प्रमुख रिचर्ड टॉनी यांनी साखळ्या घडवणाऱ्या आणि शिवणकाम करणाऱ्या मजुरांच्या किमान वेतनाचा अभ्यास केला. नवसारीहून आलेल्या घराण्याचा, मुंबईत कमावलेला पैसा इंग्लंडातल्या गरिबांना मजुरी किती मिळते हे मोजायला गेला. ‘का?’ हा प्रश्न विचारायला पैसे लागतात, हे त्या माणसाला कळलं होतं.

आता माझी गोष्ट सांगते.

गिरणी संप १९८२ चा. त्यानंतर आमच्या घरात काय झालं ते गिरणगावातल्या श्रोत्यांना सांगायला नको. मी शिष्यवृत्तीवर शिकले, समाजकार्याला गेले. क्षेत्रकार्यासाठी, आम्ही त्याला फिल्डवर्क म्हणायचो, आठवड्यातून दोन दिवस गोवंडीच्या एका वस्तीत जावं लागे. खाडीची दलदल, वर पत्रा, पाणी रात्री तीनला. जालना जिल्ह्यातून बहात्तरच्या दुष्काळात आलेल्या एक मावशी होत्या. झोपडी हटवण्याची नोटीस आली होती आणि कोणते कागद दाखवायचे ते त्यांना कळत नव्हतं.

त्यांनी पत्र्याखालच्या खिळ्याला टांगलेली पिशवी खाली घेतली. पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी एक, तोंडाला जुना नाडा. ज्यांनी वस्तीत काम केलंय त्यांना ही पिशवी ठाऊक आहे. प्रत्येक घरात असते. पुराचं पाणी आलं, आग लागली, पाडायची गाडी आली, की बाई आधी मूल उचलते आणि मग ती पिशवी. आत शहात्तर सालच्या झोपड्यांच्या गणनेचा फोटोपास, त्यावर नवरा-बायकोचा फोटो. हळदीचे डाग पडलेलं रेशनकार्ड. मतदार यादीची चिठ्ठी. दंडाच्या पावत्या. मुलाचा दाखला.

मी ते सगळे कागद तारखेप्रमाणे लावले. जुना खाली, नवा वर, मध्ये खुणेच्या चिठ्ठ्या. माझं मलाच समाधान वाटलं. दुसऱ्या दिवशी मावशी कार्यालयात गेल्या आणि खिडकीवर भलताच कागद पुढे केला. पलीकडून त्यांना हुसकून लावलं. दिवसाची मजुरी बुडाली ती वेगळीच. मावशींना वाचता येत नव्हतं. त्यांना कागद क्रमाने माहीत होते. वरून तिसरा रेशनचा, त्याखालचा फोटोचा, तळाशी पोराचा. माझ्या नीटनेटकेपणाने मी त्यांची सगळी अक्षरओळखच मोडून टाकली होती.

माझ्या मार्गदर्शक बाईंना मी हे सांगितलं तेव्हा त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “कागद ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने परत ठेवायचे. आणि काढण्याआधी विचारायचं, काढू का?” मी पुन्हा गेले. मावशींनीच क्रम लावला, मी बाजूला बसून फक्त कुठला कागद कशाला लागतो ते सांगितलं. पुढच्या वेळी त्या एकट्या गेल्या आणि फोटोपास बरोबर पुढे केला.

एवढंच ते काम. पण ते शिकावं लागतं, शिकवायला कुणीतरी लागतं, आणि शिकत असताना त्या मुलीचं पोट भरायला लागतं. कळवळा माझ्याकडे पहिल्या दिवशीही होताच.

या प्रकारच्या शिक्षणातून काय काय निघालं ते बघा. १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या यंत्रणेत टिसने महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. मारहाण झालेली बाई पोलिसांकडे येते, तिथे खाकी वर्दीच्या शेजारी एक समाजकार्य शिकलेली बाई बसलेली. आधी पाणी देते, मग विचारते, तुम्हाला काय हवंय? तक्रार नोंदवायची की फक्त आपले दागिने परत हवेत, की आज रात्री झोपायला जागा हवी? ही तीन उत्तरं वेगळी आहेत आणि तिघींना तीन वेगळ्या वाटा लागतात. २००५ मध्ये राज्य सरकारने हे काम आपल्याकडे घेतलं आणि ते कक्ष महाराष्ट्रभर गेले. तुरुंगातल्या आणि तिथून सुटलेल्या माणसांसाठी ‘प्रयास’ १९९० मध्ये उभं राहिलं. आणि १०९८, अडचणीतल्या मुलांसाठीचा तो फोन नंबर, १९९६ मध्ये मुंबईत टिसच्याच एका उपक्रमातून सुरू झाला. आज तो सरकार चालवतं. नंबर तोच आहे, दहा नऊ आठ.

यातली मेख लक्षात घ्या. न्यासाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या संस्थेत सुरुवात झाली, काम करून दाखवलं, मग त्यातलं बरंच सरकारने उचललं. एका कुटुंबाचा पैसा कितीही असला तरी मुंबईला पुरणार नाही. देवनारच्या संस्थेच्या कुंपणापासून कचरा डेपोपर्यंतचा एम-पूर्व विभाग २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात शहराच्या चोवीस विभागांत सर्वांत खाली होता. अख्ख्या विभागाचं पाणी, गटार, शाळा कुठल्या ट्रस्टने करायची? ते पालिकेचं काम आहे. ट्रस्टने ते कसं करावं हे दाखवणाऱ्या माणसांना उभं करायचं.

आणि इथेच मला मनापासून एक तक्रार मांडायची आहे. दिलेला पैसा आज फार लवकर संपतो. तीन वर्षांचा प्रकल्प, मग अहवाल, मग राम राम. वस्तीत पहिलं वर्ष जातं ते लोकांनी दार उघडण्यात. दुसऱ्या वर्षी पिशवी खाली निघते. तिसऱ्या वर्षी कार्यकर्ती निरोप घ्यायला येते. जून २०२४ मध्ये खुद्द टिसमध्ये, टाटा एज्युकेशन ट्रस्टचा निधी थांबल्याचं कारण देऊन, शंभराहून जास्त शिक्षक-कर्मचाऱ्यांना नोकरी संपल्याच्या नोटिसा गेल्या. काही दिवसांतच त्या मागे घेतल्या गेल्या. पण त्या मधल्या दिवसांत मला एकच दिसत होतं, माणसांवर केलेला खर्च हा सगळ्यात आधी कापला जातो. इमारत कुणी परत मागत नाही.

श्रोत्यांमध्ये अशी कुटुंबं असतील ज्यांनी वडिलांच्या, आईच्या नावाने छोटासा ट्रस्ट केलाय किंवा करायचं मनात आहे. टाटा-वाडियांएवढं नव्हे, आपल्या ऐपतीप्रमाणे. वह्या वाटता, छत्र्या वाटता, वॉटर कूलर बसवता, चांगलंच आहे. पण एकदा तुमच्या शहरातल्या एखाद्या वस्तीत काम करणाऱ्या संस्थेत जाऊन विचारा, तुमच्या कार्यकर्तीला महिन्याला किती मिळतात? आणि पुढची पाच वर्षं ते मिळतील का? तो आकडा ऐकून तुम्हाला वाईट वाटेल. तो आकडा भरून द्या.

माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाने आजीच्या नावाने हे केलं. सातवं वर्ष चालू आहे. त्यांची कार्यकर्ती, तिशीतली मुलगी, मानखुर्दच्या एका वस्तीत आहे. सुरुवातीला घरातल्यांनी विचारलं होतं, नाव कुठे लावायचं? लावायला जागाच नव्हती. आता ते वर्षातून एकदा वस्तीत येतात, चहा घेतात, तिच्याबरोबर फिरतात. मागच्या महिन्यात मीही गेले होते. ती एका घरात बसली होती, समोर पिशवी. मोबाइलवर एकेका कागदाचा फोटो काढत होती, भिजले तर निदान तेवढे असावेत म्हणून. घरातली बाई एक कागद काढून तिच्या हातात द्यायची, फोटो झाला की ती तो पालथा घालून खाली ठेवायची. त्यावर दुसरा, त्यावर तिसरा, सगळे पालथे. शेवटी गठ्ठा उलटा केला, तर पहिला कागद पुन्हा वर.

मी विचारलं, हे तुला कुणी सांगितलं? म्हणाली, “यांनीच,” आणि त्या बाईंकडे बोट केलं. बाई नाडा बांधत होत्या. पिशवी त्यांनी पुन्हा खिळ्याला लावली.

नमस्कार.