जवानावर गुन्हा नोंदला जातो तेव्हा

समोर बसलेल्या बऱ्याच घरांतलं कुणी ना कुणी फौजेत आहे, म्हणून मी थेट कामाचं बोलतो. जवान सुट्टीवर येतो, बांधावरून भांडण होतं, हाणामारी होते आणि ठाण्यात गुन्हा दाखल होतो. घरचे म्हणतात, युनिटला कळू देऊ नका, सुट्टी संपायच्या आत दंड भरून मिटवून टाकू. माझ्या मते याहून धोक्याचा सल्ला दुसरा नाही.

दंड किरकोळ असला तरी गुन्हा कबूल केला की कोर्ट दोषी ठरवतं, आणि ती नोंद पुसली जात नाही. एरवी जवानाला बडतर्फ करायचं तर आधी कारण कळवून त्याचं म्हणणं ऐकावं लागतं. पण बडतर्फी फौजदारी कोर्टात दोषी ठरल्यामुळे होणार असेल, तर आर्मी रूल्समधल्या 17व्या नियमाचं हे संरक्षण मिळत नाही. बडतर्फ झालेल्याचं पेन्शनही धोक्यात येतं. तेव्हा ‘कबूल करून मोकळा हो’ म्हणणाऱ्या वकिलाला आधी विचारा, माझ्या नोकरीचं काय?

लपवण्याचा दुसरा तोटा लगेच दिसतो. जवान कोठडीत आहे, सुट्टी संपली, कुणी कळवलं नाही. युनिटच्या हजेरीत तो बिनपरवाना गैरहजर. 30 दिवस उलटले की त्या गैरहजेरीची चौकशी बसते. मूळ गुन्ह्यातून सुटला तरी हे दुसरं प्रकरण उरतं. म्हणून अटक झाली की त्याच दिवशी सीओंना, म्हणजे युनिटच्या कमांडिंग ऑफिसरला, लेखी कळवा.

आता खटला कुठे चालणार? जवान सुट्टीवर असला तरी 1950चा आर्मी ॲक्ट त्याला लागू असतो. गुन्हा सिव्हिल कोर्ट (म्हणजे नेहमीचं फौजदारी कोर्ट) आणि कोर्ट मार्शल (लष्कराचं स्वतःचं न्यायालय) दोन्हीकडे चालण्यासारखा असेल, तर कलम 125 प्रमाणे निवड वरिष्ठ लष्करी अधिकारी करतो; जवान करत नाही. नागरिकाचा खून, सदोष मनुष्यवध किंवा बलात्कार असेल, तर प्रत्यक्ष मोहिमेवर, देशाबाहेर किंवा सरकारनं ठरवलेल्या सीमेवरच्या ठाण्यावर घडल्याखेरीज तो कोर्ट मार्शलकडे जातच नाही.

वकिलांनी इथे बारकाईनं पाहावं. खटला या दोन्हींपैकी कुठे चालवायचा यासाठीच्या 1978च्या नियमांप्रमाणे मॅजिस्ट्रेटला स्वतःहून खटला चालवायचा असेल, तर आधी सीओंना लेखी नोटीस द्यावी लागते. नोटीस पोचल्यापासून 15 दिवस आरोप निश्चित करता येत नाहीत. त्याआधीचे, 1952चे नियम पाळले नाहीत म्हणून एका लेफ्टनंट कर्नलवर ठेवलेले आरोप रद्द झाले आणि 1972मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला. यानं गुन्हा पुसला जात नाही, रीतसर खटला पुन्हा उभा राहू शकतो. पण पहिल्या तारखेलाच फाईलमध्ये ती नोटीस आहे का, हे न पाहणारा वकील जवानाचं नुकसान करतो.

‘कोर्ट मार्शल म्हणजे आपलीच माणसं, सांभाळून घेतील’ हा समज सोडा. समरी कोर्ट मार्शलमध्ये न्यायाधीशाच्या जागी सीओ एकटाच बसतो. तसंच जॅग (जज ॲडव्होकेट जनरल) शाखेचे अधिकारी हे फौजेचे कायदा सल्लागार असतात. सिव्हिल कोर्टात जवानाचा बचाव करणं त्यांचं काम नव्हे. तिथे वकील तुम्हालाच द्यावा लागतो. आणि अटकेआधी केंद्र सरकारची परवानगी लागते ती कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्यासाठी. बांधावरच्या भांडणाला ती ढाल मिळत नाही.

त्याच एफआयआरमध्ये आई, वडील, भाऊ यांचीही नावं असतात. त्यांना आर्मी ॲक्ट लागू नाही. त्यांच्यासाठी सीओंना नोटीस जाणार नाही, त्यांचा जामीन आणि खटला नेहमीच्याच वाटेनं जाईल. मुलाकडे लक्ष देताना म्हाताऱ्या बापाच्या जामिनाचा अर्ज राहून जाऊ देऊ नका. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. 2025मध्ये नालसानं (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणानं) वीर परिवार सहायता योजना खास जवान, माजी सैनिक आणि त्यांच्या घरच्यांसाठी सुरू केली आहे.

आणि तारखांचं. आर्मी ॲक्टच्या कलम 32 प्रमाणे, कोर्टकामासाठी सुट्टी मिळाल्याचा किंवा मागितल्याचा लष्करी दाखला जोडून अर्ज केला, तर कोर्टानं शक्य तितकं त्या सुट्टीतच काम ऐकून निकाली काढायचं असतं. हा दाखला आपोआप येत नाही. जवानानं तो युनिटमधून निघतानाच मागून घ्यायचा.